हा विषय आता बंद आहे

नरहरीभाऊ बोलायला लागले की चिंचणीचा माणूस एसटी चुकवायचा. यात कौतुक काही नाही, बोईसरला कामावर जाणाऱ्यांनी त्यापायी त्यांना शिव्याही घातल्यात. पण ऐकायला थांबायचे सगळे. आणि नेमका अशाच माणसाला अर्धांगवायू व्हावा, त्याने चालणं निम्मं ठेवावं आणि बोलणं मुळासकट न्यावं, याला काय म्हणायचं? उजवा हात गेला, जीभ गेली. डोकं मात्र लख्ख. डॉक्टर म्हणाले, नशीब समजा. हेमांगीला तेव्हा वाटलं, या डॉक्टरला चार दिवस तोंडाला चिकटपट्टी लावून बसवावं आणि मग विचारावं, कसलं नशीब रे बाबा तुझं.

हेमांगी ही त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न केलं नाही. का केलं नाही ते गावाला तिच्यापेक्षा जास्त माहीत आहे, तेव्हा ते गावालाच विचारावं. बोईसरच्या वसाहतीतल्या एका कारखान्यात माल पाठवायच्या खात्यात ती नोकरीला, घरी आई-बाबा आणि मागे चिकूची थोडी झाडं. आईला सगळं गाव माई म्हणतं, म्हणून हेमांगीही माईच म्हणते.

सुरुवातीला माणसं भेटायला यायची. यायची आणि बाबांच्या कानाशी ओरडून बोलायची. जीभ गेली म्हणजे कानही गेले असं का वाटतं लोकांना कोण जाणे! बाबा नुसते बघायचे. मग समोरच्याला अवघडल्यासारखं व्हायचं, तो चहा संपवून "येतो हां" म्हणायचा आणि परत यायचा नाही. गावच्या सागरतीर मित्रमंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, पण तो काय कामाचा? बाबा डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करणार. चिकूच्या बहराबद्दलची त्यांची दोन ओळींची गंमत लिहून होईस्तोवर ग्रुपवर गुलाबाची फुलं, दोन वाढदिवस आणि एक निधनवार्ता येऊन गेलेली असायची. एकदा ती गंमत नेमकी निधनवार्तेच्या खाली जाऊन पडली. केवढा गहजब झाला! तेव्हापासून त्यांनी ग्रुपचं नाव काढलं नाही.

राहिली ती 'ओटी'. मंडळाच्या चिरागने, कॅनडाला जायच्या आधी, सागरतीर मित्रमंडळासाठी इंटरनेटवर एक फोरम करून दिला होता. गावच्या घरांना पुढे ओटी असते, येणारा-जाणारा तिथे टेकतो, म्हणून नाव 'ओटी'. कुणीतरी विषय काढायचा, त्याच्याखाली बाकीच्यांनी आपापल्या सवडीने लिहायचं. आज लिहा, आठवड्याने लिहा, विषय आपला जागच्या जागी बसून वाट बघतो. धडधाकट माणसांना ती रटाळ वाटायची. बाबांना मात्र ती सापडली आणि त्यांचं तोंड परत आलं, असं हेमांगी सगळ्यांना सांगायची. खरंच तसंच होतं ते. जुन्या विहिरी, मेलेले मास्तर, कुणाच्या वरातीत घोडा कसा उधळला, सगळं ते त्या एका बोटाने लिहून काढत. चाळिशीतली माणसंही वाचून खिदळायची.

आणि तिथे नामदेवकाका होता. मुरबे गावचा कोळी, पण लहानपणी मामाकडे चिंचणीला शिकायला होता, बाबांच्याच बाकावर. वय झालं तरी अजून पोरांबरोबर बोटीवर जातो. बोट समुद्रात असली की आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस पत्ता नाही, किनाऱ्याला लागली की पहिल्यांदा 'ओटी'वर. दोघांचं एक भांडण तिथे कधीपासूनचं चाललं होतं. चिंचणीच्या किनाऱ्याला मेलेला देवमासा लागला तेव्हा आपण सातवीत होतो की आठवीत? नामदेवकाका म्हणे सातवी, बाबा म्हणत आठवी. "तुजी सटकलीय, आमच्या आक्काचं लगीन त्या वर्षी, म्हंजे सातवीच," असं काकाने लिहावं, आणि त्यावर बाबांनी चार दिवस खपून उत्तर द्यावं की तुझ्या आक्काच्या लग्नात तर तुला गोवर आलेला, तुला काय आठवतंय कपाळ. असं चालायचं. हेमांगी कामावरून आली की बाबा आधी टॅब्लेट पुढे करत, वाच म्हणून. तिने मोठ्याने वाचायचं आणि त्यांनी डाव्या हाताने मांडी थोपटत हसायचं.

मग चिरागचा फोन आला. 'ओटी'चं सॉफ्टवेअर जुनं झालं होतं, ज्या सर्व्हरवर ती होती तो उन्हाळ्यात बंद होणार होता, आणि त्याला आता तिकडून बघायला सवड नव्हती. "दोन रस्ते आहेत हेमाताई," तो म्हणाला. "एक, विकतचं घ्या. वर्षाची फी भरा, कंपनी सगळं सांभाळते, तुम्हाला डोकेदुखी नाही. पण नियम त्यांचे, आणि फी थांबली की दार बंद. दुसरं, फुकटचं. सॉफ्टवेअरला एक पैसा नाही, जागेचं भाडं थोडंसं. पण ते बसवायचं, वेळच्या वेळी अद्ययावत करायचं, बिघडलं तर निस्तरायचं, हे तुमच्यातल्या कुणीतरी करायला हवं."

"मी करीन," हेमांगी म्हणाली. कारखान्यात तिला कॉम्प्युटरची सवय होती, आणि बाकीचं चिराग शिकवणार होता. जुनं सगळं लिखाणही फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये जसंच्या तसं नेता येत होतं. देवमाशासकट.

मंडळाची सभा पालघरला एका हॉलमध्ये ठरली. बाबांनी सभेआधी 'ओटी'वर एक लेख लिहिला. किती दिवस खपले बिचारे! त्यात होतं: "विकतचं घेतलं तर दार त्यांचं, आपण भाडोत्री. फुकटचं घेतलं तर दार आपलं, झाडू पण आपलाच. आमाला झाडू चालंल. कुणाला दार बंद करायचं नि कुणाला उघडं ठेवायचं ते दुसऱ्याच्या हातात देऊ नका." सगळ्यांना फोन करून हेमांगीने सांगितलं, वाचा हां. सगळे म्हणाले, वाचतो, वाचतो. वाचलं कुणीच नाही.

आता इथे आपल्या लोकांची एक खोड सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे वस्तू अशी येतच नाही, ती कुणाच्या तरी स्मरणार्थ येते. किनाऱ्यावरचं बाकडं बघा, पाठीवर नाव. एसटी स्टँडवरची पाण्याची टाकी बघा, कपाळावर नाव. देवळाच्या पायऱ्या, शाळेचं घड्याळ, स्मशानातल्या शेडचे पत्रे, सगळ्यांवर कै. अमुक यांच्या स्मरणार्थ. चिंचणीत घोटभर पाणी प्यायचं तरी एखाद्या मेलेल्या माणसाची ओळख करून घ्यावी लागते. आणि अशा देणगीला कुणी नको म्हणत नाही. नको म्हणणं म्हणजे त्या मेलेल्या माणसाला दारातून हाकलण्यासारखं.

सभेत विषय निघाला आणि मेहुलभाई उभा राहिला. वसाहतीत त्याचा कारखाना, गावात मोठं घर. तो म्हणाला, "विकतचंच घेऊ. उगाच फुकटच्या भानगडी कशाला? पहिल्या वर्षाची फी आमच्याकडून. बापूजींच्या स्मरणार्थ." बापूजी म्हणजे त्याचे वडील वामनशेठ, गेल्या दिवाळीत गेले. पहिल्या रांगेत त्यांची बायको कांताकाकी पांढऱ्या साडीत बसली होती, तिने पदर डोळ्यांना लावला. झालं! हॉलभर टाळ्या. मागून कुणीतरी म्हणालंसुद्धा, "फुकटचं घेतलं तर त्याच्यावर नाव कुणाचं घालणार?" आणि लोक हसले, पण ते पटून हसले.

अध्यक्षांनी विचारलं, "कुणाची हरकत?"

बाबा व्हीलचेअरमध्ये तिच्या शेजारीच होते. त्यांनी तिच्या हातातल्या फोनवर बोट ठेवलं. फोनवर त्यांचा लेख उघडाच होता. वाच, असं ते बोट सांगत होतं. हेमांगी उभी राहिली. कांताकाकीने मागे वळून तिच्याकडे बघितलं, ओल्या डोळ्यांनी, काहीतरी छान ऐकायला मिळणार असं तोंड करून. बाबा दवाखान्यात होते तेव्हा याच बाईने रोज गरम डबा पोचवला होता. एक दिवस चुकवला नाही. समोर बसलेल्या या बाईला कसं सांगायचं, की तुझ्या नवऱ्याचं नाव आम्हाला नको?

"हरकत कसली," ती म्हणाली. "चांगलंच आहे की."

आणि बसली. बाबांनी फोनवरचं बोट काढून घेतलं. परत येताना गाडीत ते पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होते. तिने दोनदा "बाबा, अहो," म्हणून बघितलं. त्यांनी मान वळवली नाही.

गुढीपाडव्याला नवी 'ओटी' उघडली. वर वामनशेठचा हार घातलेला फोटो, खाली स्मरणार्थ. जुनं लिखाण आणायला कंपनी वेगळे पैसे मागत होती, तेव्हा मंडळ म्हणालं, जुनं कशाला, नव्याने सुरुवात करू. देवमासा गेला, विहिरी गेल्या, उधळलेला घोडा गेला. तरीही बाबांनी नाव नोंदवलं. माणूस हौशी! नामदेवकाकानेही नोंदवलं आणि पहिल्याच दिवशी लिहिलं, "नऱ्या, मासा सातवीतच. बोल आता." बाबांचा चेहरा कितीतरी दिवसांनी फुलला.

ते कामाला लागले. या वेळी त्यांच्याकडे पक्का पुरावा होता. लिहीत होते तसतसं हेमांगी वाचत होती: "नाम्या, देवमासा बघायला तू मला पाठुंगळीला घेऊन गेलेला. का? कारन माजा पाय मोडलेला. झाडावरनं पडलो तो आठवीत. सातवीत माजे दोन्ही पाय धड होते. वाळूत तू मला घेऊन धापा टाकत होतास, आणि मी वरनं तुला बोललो, हळू, पडशील. आता सांग, कितवी?" तिसऱ्या दिवशी ते पुरं झालं. त्यांनी बटण दाबलं. स्क्रीनवर अक्षरं आली: 'हा विषय आता बंद आहे.' आणि लिहिलेलं सगळं गेलं.

दोन दिवस कुणी काही लिहिलं नाही तर विषय आपोआप बंद, असा नियम होता. हेमांगी मेहुलच्या ऑफिसात गेली. तो वाईट माणूस नाही हो, तिला बसवलं, सरबत मागवलं. "पडून राहिलेले विषय बरे दिसत नाहीत ना ताई," तो म्हणाला. "आणि ते बदलायचं असेल तर वरचं पॅकेज लागतं. आपलं खालचं आहे. काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायला सांगा ना."

"मेहुलभाई, त्यांना एक ओळ लिहायला किती वेळ लागतो ठाऊक आहे तुम्हाला?"

"बघतो, बघतो," तो म्हणाला. त्याने काही बघितलं नाही. आणि आपण पैसे मोजून घेतलं ते खालचं, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

बाबांनी आणखी प्रयत्न केले. छोटं लिहून बघितलं. पण छोटं लिहिणं हा काही त्यांचा पिंड नव्हता, "बरोबर" आणि "होय" एवढ्यासाठी का माणसं एसटी चुकवायची? नामदेवकाका समुद्रावरून यायचा, नवा विषय काढायचा, बाबा लिहायला घ्यायचे, काका परत बोटीवर जायचा, आणि दार लागायचं. एकाला दर्या घाई करू देत नव्हता, दुसऱ्याला डाव्या हाताचं ते एक बोट. शेवटी हेमांगी म्हणाली, "बाबा, अजून जुना सर्व्हर चालू आहे. मी फुकटचं बसवते. तुमच्यासाठी, नामदेवकाकासाठी, येईल त्याच्यासाठी. चिराग मदत करतोय." तिने जागा बघून ठेवली होती, सुट्टीच्या दिवशी बसून अर्धं शिकूनही घेतलं होतं.

बाबांनी टॅब्लेट ओढला. बराच वेळ लावून लिहिलं आणि तिच्यापुढे धरलं: "नको. मंडळात फूट पडंल." 

हा माणूस कितीतरी वर्षं मंडळाचा चिटणीस होता. गावाने एक चूल मांडली असताना शेजारी दुसरी मांडायची नाही, हे त्यानेच लोकांना शिकवलेलं. हेमांगी चिडली. "पडू दे फूट! मंडळ येतं का तुमच्याशी बोलायला?" असं ओरडली सुद्धा. माई आतून आली नि म्हणाली, "बस कर गो. तेंना नको हाय तर नको." उन्हाळ्यात जुना सर्व्हर बंद पडला. त्यानंतर बाबांनी टॅब्लेट मागायचं हळूहळू सोडलं. हेमांगी कामावरून यायची तेव्हा तो कपाटावर असायचा, आणि ते ओटीवर, रस्त्याकडे तोंड करून. रस्त्याने जाणारे हात करून जायचे.

थंडी सरता सरता ते गेले. झोपेतच. नामदेवकाका तेव्हा समुद्रात होता, फोन लागला नाही.

त्याच दिवशी मेहुलने 'ओटी'वर विषय काढला, 'नरहरीभाऊंना श्रद्धांजली'. काय गर्दी झाली! जे वर्षभर फिरकले नव्हते त्या सगळ्यांनी लिहिलं. भावपूर्ण श्रद्धांजली. गप्पांचा बादशहा गेला. आता असा बोलणारा माणूस होणे नाही. हेमांगीने वाचलं आणि तिच्या अंगाचा भडका उडाला. मग तिसरा दिवस, चौथा दिवस, लोक दमले, विषय बंद झाला.

तेराव्याला जेवणं झाल्यावर मेहुल आणि अध्यक्ष ओटीवर बसले. अध्यक्षांनी घसा साफ केला. "पाडव्याला 'ओटी'चं वर्ष संपतंय. कुणीतरी पुढचं वर्ष घ्यायला हवं. मंडळाला वाटतं, भाऊंच्या स्मरणार्थ झालं तर... त्यांचं किती प्रेम होतं 'ओटी'वर! वामनशेठच्या शेजारी फोटो लावू."

हेमांगीला हसू आलं की रडू, तिचं तिलाच कळलं नाही. पण डोक्यात एक गोष्ट चमकली. "घेते," ती म्हणाली. "पण वरचं पॅकेज घेते. विषय उघडे राहतील असं."

मेहुल अध्यक्षांकडे बघायला लागला. अध्यक्ष हळूच म्हणाले, "तसं नको पोरी. पहिल्या वर्षी वामनशेठचं खालचं, आणि दुसऱ्या वर्षी भाऊंचं वरचं, हे कांतावहिनींना कसं दिसेल? सारखंच असू दे. शोभतं."

हेमांगीने तोंड उघडलं. आता बोलायचं, मागच्या वेळी गिळलं ते आता बोलायचं, असं तिने ठरवलं होतं. पण माई दारात उभी होती. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा उजळला होता. "लावा ना फोटो," माई म्हणाली आणि तिने मेहुलला हात जोडले. "नाव तरी ऱ्हाईल तेंचं." 

मग काय बोलणार? हेमांगी म्हणाली, "ठीक आहे. खालचंच घेऊ."

ते गेले आणि उन्हं कलताना नामदेवकाका आला. बोटीवरून उतरून तसाच, अंगाला मासळीचा वास, डोळे लाल. किनाऱ्याला आल्यावर त्याला कळलं होतं. तो आत आला नाही, ओटीवर बाबांच्या खुर्चीजवळ खाली बसला आणि खिशातून फोन काढून हेमांगीपुढे धरला.

"ह्ये बघ गो. मना लिवायचं हाय आन् ह्यो घेत नाय."

तिने बघितलं. श्रद्धांजलीचा विषय. खाली त्याने लिहिलेली एकच ओळ: "नऱ्या, आठवीच." आणि त्याच्याखाली, हा विषय आता बंद आहे.

"तुम्हाला आठवत होतं काका?"

"म्हंजे काय! मीच नेलेला ना तेला पाठीवर. पाय मोडलेला तेचा. जड होता सायेब." त्याने मनगटाने नाक पुसलं. "मना पैल्यापासनं म्हायत हाय, आठवीच. पन मी हो बोललो असतो तर भांडन संपला असता. मंग तो काय लिवनार? बोललो, चालू दे. मरताना सांगीन तेला, तू जिकलास. आता म्हटला लिवतो, तर ह्यो... तू उघड ना. तू कॉम्प्युटरवाली हायस."

"माझ्या हातात नाही ते काका."

"मंग कोनाच्या हातात हाय?"

काकाने ती ओळ पुन्हा पहिल्यापासून टाइप केली, एकेक अक्षर शोधत, आणि बटण दाबलं. माई आतून चहा घेऊन आली. हेमांगीने काकाच्या हातातून फोन घेतला, बंद केला आणि त्याच्या खिशात ठेवला.